कोणाबरोबर बघणार, ते आधी सांगा

वाचकांची पत्रं, डोअरकीपर काकांची उत्तरं

पत्र पाठवणाऱ्यांना एक विनंती. ‘काका, एखादा चांगला सिनेमा सांगा’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. गिरणगावातल्या एका थिएटरच्या दारावर माझी सगळी नोकरी गेली. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, शो सुटला की कड्या काढायच्या. तिकीटखिडकीकडे जाता जाता लोक हळूच विचारायचे, ‘कसा आहे?’ मी आधी बघायचो, बरोबर कोण आहे. नवी नवरी असली तर एक उत्तर, म्हातारी आई असली तर दुसरं. रात्रपाळी करून आलेला एकटा गिरणी कामगार असला तर म्हणायचो, ‘पंखे चालू आहेत, जा आत.’ म्हणून पत्रात घरातली माणसं लिहा, बघायची वेळ लिहा. आवडनिवड नाही कळवली तरी चालेल.

प्रश्न : आमच्याकडे टीव्ही एक आणि माणसं पाच. रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असं ठरवलंय. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, पण मशीन कानात घालत नाहीत. सासूबाईंना रडका सिनेमा नको. मुलगी चौदा वर्षांची, मराठी म्हटलं की नाक मुरडते. नवरा दहा मिनिटांत घोरायला लागतो. मागच्या रविवारी काय बघायचं यावरच वाद झाला आणि शेवटी टीव्ही बंद करून सगळे उठले. काय करू?
— एक सूनबाई, भांडुप

उत्तर : सूनबाई, नवऱ्याला यादीतून काढा. रविवारी जेवून आडव्या झालेल्या माणसासाठी जगात कोणी सिनेमा काढलेला नाही.

राहिले चौघं, आणि खरी अडचण सासऱ्यांची आहे. हल्ली सिनेमातली माणसं पुटपुटतात, त्यावर मागून संगीत चढवलेलं असतं, आणि या पातळ टीव्हींचा आवाज समोर येण्याऐवजी मागे भिंतीवर आपटतो. कमी ऐकू येणाऱ्याला आवाज वाढवून दिला तर नुसता गोंगाट वाढतो. त्याला शब्द सुटे ऐकू यायला हवेत. खाली अक्षरं असतात ती इंग्रजी, मराठी सिनेमाला मराठी अक्षरं क्वचितच. तेव्हा नाटकातून आलेल्या नटांचे जुने सिनेमे काढा. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला पाहिजे, ही त्यांच्या जिभेला लागलेली सवय.

पहिल्या रविवारी ‘मुंबईचा जावई’ लावा. राजा ठाकूर यांचा, १९७० सालचा. चाळीतली एवढीशी जागा, घर माणसांनी भरलेलं, नवं लग्न झालेलं जोडपं आणि दोघांना चार शब्द बोलायला कोपरा नाही. हाच सिनेमा बासू चटर्जींनी १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ म्हणून केला. ‘प्रथम तुज पाहता’, ‘का रे दुरावा’, ‘आज कुणीतरी यावे’ ही सगळी याच सिनेमातली गाणी. सासूसासऱ्यांना ती पाठ असणार. पाठ असलेलं गाणं कमी ऐकू येणारा माणूससुद्धा पूर्ण ऐकतो, हे मी दाराशी उभं राहून पाहिलंय. ओठ हलत असतात. मुलीला आधी काही सांगू नका. पाच माणसांत एक टीव्ही, म्हणजे तिला स्वतःची खोली नसणार. त्या जोडप्याची कोंडी तिला तुमच्याही आधी कळेल.

दुसऱ्या रविवारी ‘एलिझाबेथ एकादशी’. परेश मोकाशींचा, २०१४चा. पंढरपूर, वडील गेलेले, आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी बँकेनं नेलेलं. वडिलांनी पोरासाठी बनवलेली सायकल, तिचं नाव एलिझाबेथ, ती विकायची वेळ येते. मग पोरं यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. सासूबाईंना सांगा, एकदोन ठिकाणी डोळे भरतील, पण पोरं इतकी तोंडाळ आहेत की पुढच्याच मिनिटाला हसू येतं. आणि नाक मुरडणाऱ्या मुलींना पोरांनी केलेला धंदा बघायला आवडतो.

तिसऱ्या रविवारी सासऱ्यांची पाळी म्हणून ‘सामना’. डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर, लिहिलेलं तेंडुलकरांनी, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. दोन माणसं बोलतात आणि शब्द न् शब्द कळतो. मुलीला एवढंच सांगा की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं ते शोधायचंय.

‘अशी ही बनवाबनवी’ मी सुचवत नाही. नट तोंड उघडायच्या आत घरातले पाचही जण वाक्य म्हणून मोकळे होतात. त्याला परवचा म्हणतात.

एक काम मात्र नक्की करा. सिनेमा निम्मा झाला की बंद करा, दिवा लावा, चहा ठेवा. थिएटरात मध्यंतर फक्त सामोसे खपवायला नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तासाभरानं उठावं लागतं, आणि ‘माझ्यासाठी थांबवा’ म्हणायला लाज वाटते. मग तो ‘मला नाही आवडला’ म्हणून उठून जातो. तुमच्या वादातले निम्मे वाद यातूनच निघाले नसतील कशावरून?

प्रश्न : मी तीन मित्रांना ‘कोर्ट’ बघायला बसवलं. पाऊण तासात तिघांनी मोबाइल काढले. एक म्हणाला, ‘यात काही घडतच नाही.’ आता ग्रुपवर मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मला जे आवडतं ते लोकांना कसं सांगायचं? की सांगूच नये?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : वकीलसाहेब, सांगताना काय म्हणून सांगितलंत? ‘राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, बघायलाच पाहिजे’ असंच ना? मग संपलं. पुरस्कार ऐकला की माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो.

‘श्वास’ आठवा. ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं त्याला अर्धं शतक लोटलं आणि मग संदीप सावंतांच्या ‘श्वास’नं मराठीला पुन्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दिला. २००४ मध्ये तो भारतातर्फे ऑस्करला गेला, खर्चासाठी लोकांनी पैसे जमवले. पेपरात पदकाच्याच बातम्या. पण रांगेत उभी असलेली बाई शेजारणीला पदकाचं सांगत नव्हती. ती सांगत होती, ‘नातवाचे डोळे काढायला लागणारेत आणि ते त्या पोराला सांगायचंय कोणी?’ एवढं ऐकल्यावर शेजारीण पर्स उघडायची.

सिनेमा असा सांगायचा असतो, आतल्या माणसापासून. ‘कोर्ट’चं काय सांगाल? एक म्हातारा शाहीर, त्याच्यावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली. एवढं ऐकून तुमचे मित्र ‘काय?’ म्हणून वर बघतील. आणि मग सरकारी वकीलबाईंचं सांगा. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेलं काम आहे. कोर्टात ही बाई शाहिराला तुरुंगात डांबायला निघालेली. तिथून सुटली की पाळणाघरातून पोराला घेते, घरी जाते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. तुमच्या-आमच्या घरातली बाई. तिला त्या शाहिराचा राग नाही, हे फार भयंकर आहे. दुसऱ्या दिवशी कलमं वाचताना तिचा आवाज वाण्याची यादी वाचावी तसा सपाट. मी सिनेमातले खलनायक पुष्कळ बघितले. एकाचीही इतकी धास्ती वाटली नाही. शाहीर झालेले वीरा साथीदार धंद्यानं नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये करोनानं गेले. हेही मित्रांना सांगा, पण सिनेमा झाल्यावर.

आता दुसरं विचारतो. बघितलात कशावर? लॅपटॉपवर, चौघं एका पलंगावर? मग तुमचा मित्र खोटं बोलला नाही. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कॅमेरा एका जागी ठेवतात आणि हलवत नाहीत. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ नेत नाहीत. त्यामुळे गंमत चौकटीच्या कोपऱ्यात असते: मागच्या बाकावर पुढच्या केसची माणसं ताटकळलीयत, कारकून कागद हलवतोय, पोलीस कंटाळलाय. मोठ्या पडद्यावर नजर आपोआप तिकडे फिरते. छोट्या पडद्यावर ती माणसं मुंगीएवढी होतात, आणि मग खरंच काही घडत नाही.

पुढच्या वेळी तिघांना एकदम बसवू नका. तीन मित्र एकत्र आले की पहिला विनोद कोण करतो याची स्पर्धा लागते. त्यांतला सगळ्यात कमी बोलणारा एकटा बोलवा, टीव्हीवर लावा, दिवे घालवा. आणि तुम्ही पडद्याकडे बघा, त्याच्या तोंडाकडे नको. सिनेमा सुचवणारे लोक शेजारी बसून ‘आता बघ हं’ म्हणत कोपर मारतात, त्यांना मी थिएटरात बॅटरी मारायचो.

याच दिग्दर्शकाचा, शास्त्रीय गायकावरचा ‘द डिसायपल’ मात्र इतक्यात कोणाला सांगू नका. तुम्हाला ‘पंडितजी’ म्हणायला लागतील.

प्रश्न : आमचे भावोजी शुक्रवारी पहिला शो बघतात आणि शनिवारी सकाळी घरच्या ग्रुपवर शेवट टाकतात. ‘वाळवी’चाही टाकला होता. ताईला वाईट वाटेल म्हणून आम्ही गप्प बसतो.
— एक मेहुणी, चेंबूर

उत्तर : अशी माणसं प्रत्येक थिएटरला असतात. आमच्याकडे मॅटिनीचे प्रेक्षक गल्लीतल्या दारानं बाहेर सोडायचो. तरी एक पठ्ठ्या वळसा घालून पुढच्या रांगेत यायचा आणि खुनी कोण ते सांगून जायचा. त्याला पैसे नको होते, मान हवा होता. तेव्हा भावोजींना मान द्या. शुक्रवारच्या रात्रीच्या शेवटच्या शोचं तिकीट स्वतः काढून द्या. शनिवारी ते उशिरा उठतील, तोवर तुम्ही सकाळचा खेळ बघून घरी आलेल्या असाल.

प्रश्न : आई रोज संध्याकाळी साडेसहाला मालिका लावते ते दहापर्यंत. सगळा वेळ ‘काय फालतूपणा आहे’ म्हणत बघते. बंद कर म्हटलं की चिडते. तिला काहीतरी चांगलं सुचवा.
— एक मुलगा, बोरिवली

उत्तर : बंद कशाला करायची? ‘काय फालतूपणा आहे’ म्हणायला मिळतं म्हणूनच तर ती बघते. ऑफिसात तुम्ही साहेबांना नावं ठेवता, तिनं कोणाला ठेवायची?

पण मालिका अशा का असतात ते सांगतो, म्हणजे तुमचा राग कमी होईल. आठवड्याचे सहा दिवस भाग दाखवायचा असतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर गोष्ट कुठे वळवायची ते ठरतं. लग्न चाललं तर लग्न महिनाभर. शिवाय या मालिका बघण्यासाठी नसतातच, ऐकण्यासाठी असतात. आईकडे नीट लक्ष द्या. ती त्या साडेतीन तासांत कणीक मळते, भाजी निवडते, फोडणी घालते, कुकर उतरवते. म्हणून तर पात्रं सगळं बोलून दाखवतात. ‘म्हणजे तू ते पत्र वाचलंस आणि मला सांगितलं नाहीस!’ असं बोलल्यावर स्वयंपाकघरातही कळतं की पत्र वाचलं गेलं. त्यानंतर घरातल्या आठ जणांचे चेहरे एकेक करून दाखवतात, तेवढ्यात फोडणी होते. सिनेमात एखाद्या गाण्याला हमखास अर्धं थिएटर लघवीला उठायचं, तसली गाणी आम्ही डोअरकीपर ओळखून असायचो. मालिकेत अशी जागा दर दोन मिनिटांनी ठेवलेली असते, एवढाच फरक.

तेव्हा ‘कोर्ट’ वगैरे तिच्यापुढे ठेवू नका. हात मोकळे असतील त्या वेळी, म्हणजे दुपारी, ‘प्रपंच’ लावून द्या. प्रतिमा कुलकर्णींची, १९९९ मधली. भरलं घर आहे, भांडणं आहेत, पण कोणी कोणाला विष घालत नाही. आणि सुधीर जोशी आहेत. सुधीर जोशींना नुसतं खुर्चीत बसलेलं बघायलाही बरं वाटतं. नाहीतर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकरांचे आबा तिला माहीत असणारच. त्याआधीचे त्यांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ दूरदर्शनवर आले तेव्हा ती तरुण असेल. त्याबद्दल विचारून बघा, मालिका बाजूला राहील.

संध्याकाळी मात्र तिच्या टीव्हीला हात लावू नका. एखाद दिवशी अर्धा तास शेजारी बसा आणि तुम्हीही नावं ठेवा. शेंगा सोलायला घ्या हातात.

प्रश्न : आईला विसरण्याचा आजार आहे. धाकटी बहीण म्हणते, तिला घेऊन आपण सगळे ‘अस्तु’ बघू. मला धीर होत नाही.
— एक मुलगी, मुलुंड

उत्तर : ताई, बहिणीचं निम्मं ऐका. सिनेमा तुम्ही दोघींनी बघा, आईला दाखवू नका.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा सिनेमा. डॉ. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित झालेत, ज्यांचं आता सगळं पुसत चाललंय. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी जाते, रस्त्यानं हत्ती येतो आणि ते उतरून हत्तीच्या मागे चालू लागतात. माहुताची बायको त्यांना सांभाळते. ते काम अमृता सुभाषनं केलंय, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. त्यात मुलगी चिडते, थकते, तिला स्वतःचीच लाज वाटते. हे दडवलेलं नाही. तुम्हालाही तसं होत असेल आणि कोणाला सांगता येत नसेल. म्हणून दोघींनी बघा, नवरेही बसले तर उत्तम. मधेच बंद करावासा वाटला तर करा, दुसऱ्या दिवशी पुढचा बघा.

आईला दोन तासांची गोष्ट म्हणजे छळ आहे. मागचं आठवलं नाही की ‘हा कोण, ती कोण’ विचारावं लागतं, आणि विचारलं की आपण विसरलो हे तिलाच कळतं. तिला गाणी लावा. ‘जगाच्या पाठीवर’मधली लावा; गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. गाण्याला मागचं-पुढचं लागत नाही.

प्रश्न : तुम्ही लोक म्हणता मराठी सिनेमा थिएटरात बघा. शो सकाळी नऊला नाहीतर दुपारी बाराला. आम्ही नोकऱ्या सोडायच्या का? थोडं थांबलं की मोबाइलवर येतोच.
— एक नोकरदार, ठाणे

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइम द्यायला सांगितलं, तेव्हा आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले. मग आरडाओरडा झाला आणि त्याचे दुपारी बारा ते रात्री नऊ झाले. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणणारा माणूस नोकरी करत नसावा.

पण ‘थोडं थांबलं की’ जे म्हणता, तिथेच सगळं बिघडतं. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत किती खुर्च्या भरल्या ते बघून सोमवारी शो ठेवायचे की उडवायचे ते ठरतं. चांगला आहे असं ऐकून तुम्ही दुसऱ्या आठवड्यात निघता, तोवर तुमच्या भागातला शेवटचा शो गेलेला असतो, आणि मग म्हणता, लागतच नाही कुठे. ज्याचं काम आवडतं त्याचा सिनेमा न विचारता पहिल्या शनिवार-रविवारी बघून टाकावा, आवडला नाही तर शिव्या घालाव्यात. बाकीच्यांसाठी खुशाल मोबाइल आहे. विनोदी सिनेमा मात्र मोबाइलवर ठेवू नका. तीनशे माणसं एकदम हसली की सुमार विनोदही चालून जातो, एकट्याला लोकलमध्ये तोच विनोद सुमारच वाटतो.

आणि शनिवार-रविवारी एखादा दिवस वेळ काढून लालबागला भारतमाताला या. मराठी सिनेमासाठीच ओळखलं जाणारं थिएटर. तिकीट काढण्याआधी रांगेतल्या बायका काय बोलतायत ते ऐका. गाडी आणू नका, करी रोडला उतरून चालत या.